जहाजाच्या इंजिनखोलीची पहिली पायरी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

सेलूचा आणि समुद्राचा संबंध काय, असा प्रश्न हा लेख उघडताच वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आपल्या तालुक्यातून वाहते ती दुधना. निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशय हाच काय तो आपला समुद्र. खरा समुद्र पाहावयाचा असेल तर रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी लागते. असे असूनही हा विषय मी निवडला, त्यास एक कारण घडले.

माझ्या एका शाळासोबत्याच्या घरी एका दलालाकडून इंग्रजीत छापलेला एक कागद आला होता. मुलाला परदेशी जहाजावर इंजिनखोलीत काम मिळेल, पगार डॉलरमध्ये मिळेल, त्यासाठी अमुक रक्कम आधी भरावी, असा त्यातील मजकूर. आमच्या वस्तीत कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे सोबत्याचे वडील तो कागद घेऊन माझ्याकडे आले व म्हणाले, "तू कालेजात जातूस, बघ बरं काय लिव्हलंय." मी कागद वाचला, त्याचा अर्थ मराठीत सांगितला आणि "ठीक दिसतंय, काका" असे म्हणालो. पुढे बैलजोडी विकली गेली, पैसे भरले गेले, आणि माझा सोबती शहरातील एका खोलीत अनेक आठवडे बसून परत आला. जहाज त्याने पाहिलेच नाही.

त्या कागदातील इंग्रजी मला समजले होते. परंतु त्या कागदावर काय असावयास हवे होते आणि नव्हते, हे मला समजले नव्हते. त्यानंतर मी या विषयाचे जे वाचन केले व सुटीवर आलेल्या एका मोटरमनकडून जे ऐकले, ते येथे क्रमाने मांडीत आहे.

आपल्या लोकांची जुनी वाट

जहाजावर काम करणाऱ्या हिंदी माणसास इंग्रज लोक 'लॅस्कर' म्हणत. हा शब्द 'लष्कर' या फारशी शब्दापासून आला. वाफेची जहाजे आली तेव्हा त्यांच्या पोटात कोळशाची भट्टी आली, आणि त्या भट्टीपुढे उभे राहण्यास माणसे लागू लागली. भट्टीत कोळसा टाकणारा तो आगवाला, कोठारातून कोळसा ओढून आणणारा तो कोयलावाला, यंत्रास तेल घालणारा तो तेलवाला. या सर्वांवर टिंडेल आणि त्यावर सारंग. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांहून अधिक लॅस्कर होते. त्यांस गोऱ्या खलाशांच्या मानाने फारच थोडा पगार मिळे.

या कामात मुंबईमार्गे कोकण व गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गेली. मुंबईजवळ नाव्हा येथे सर महंमद युसुफ यांनी १९१० साली खलाशांसाठी शिक्षणसंस्था काढली. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी मुंबईच्या बंदरात 'डफरिन' हे जहाज १९२७ पासून उभे राहिले. १९७२ मध्ये त्याची जागा 'राजेंद्र' ने घेतली आणि १९९३ पासून नवी मुंबईत 'चाणक्य' ही संस्था हे कार्य करू लागली.

येथे एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. हिंदी मालकीच्या नौवहनाचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी आहे, ते वालचंद हिराचंद हे कोकणचे नव्हते. त्यांचा जन्म १८८२ साली सोलापुरास झाला. सोलापूरही आपल्यासारखेच कोरडे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. त्या कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. तात्पर्य, समुद्राकाठी जन्म होणे ही या क्षेत्राची अट नाही. मग फरक कोठे पडतो? तो मी पुढे सांगणार आहे.

इंजिनखोली म्हणजे काय?

माझ्या आजोबांच्या विहिरीवर ऑइल इंजिन होते. आज ते गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडले आहे. परंतु जहाजाचे इंजिन समजून घेण्यास ते पुरेसे आहे. सिलिंडरमध्ये दट्ट्या हवा दाबतो, दाबलेली हवा अतिशय तापते, त्या तापलेल्या हवेत तेलाची फवार सोडली की ती ठिणगीवाचून पेट घेते, आणि पेटलेला वायू दट्ट्यास ढकलतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९० नंतरच्या दशकात हे तत्त्व सिद्ध केले. १९१२ मध्ये डेन्मार्कचे 'सेलँडिया' हे डिझेल इंजिनाचे जहाज दूरच्या सागरी प्रवासास निघाले, आणि आगवाल्यांचे व कोयलावाल्यांचे युग हळूहळू संपत गेले.

तत्त्व एकच, आकार मात्र कल्पनेपलीकडचा. २००६ साली समुद्रात उतरलेल्या 'एम्मा मर्स्क' या मालवाहू जहाजाच्या इंजिनास चौदा सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९६ सेंटिमीटर, दट्ट्याची धाव सुमारे अडीच मीटर आणि इंजिनाचे वजन सुमारे २,३०० टन. विहिरीवरचे इंजिन मिनिटास हजार-पंधराशे फेरे घेते. हे प्रचंड इंजिन जास्तीत जास्त शंभराच्या आसपास फेरे घेते. कारण त्याचा दांडा सरळ पाण्यातील पंख्यास जोडलेला असतो, आणि मोठा पंखा सावकाश फिरला तरच तो पाण्यास चांगला रेटा देतो. सर्वच जहाजांची इंजिने इतकी मोठी नसतात, पण रीत हीच.

मोठी जहाजे जे जड तेल जाळतात ते थंड असताना डांबरासारखे घट्ट असते. ते शंभर अंशांच्या वर तापवून पातळ करावे लागते, आणि त्यापूर्वी जोराने फिरणाऱ्या शुद्धीकरण यंत्रातून काढून त्यातील पाणी व गाळ वेगळा करावा लागतो. शिवाय वीज निर्माण करणारी जनित्रे, बाष्पक, समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे यंत्र, हवेचे दाबयंत्र आणि असंख्य पंप हे सर्व तेथेच असते. जहाज म्हणजे एक चालते गाव, आणि त्या गावाची वीज, पाणी व चाल ही तिन्ही इंजिनखोलीतून निघतात. मात्र तेथे खिडकी नसते. उष्ण प्रदेशात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. आपण परभणीकरांस त्याचे भय नाही, पण आपल्या उन्हात झाडाची सावली असते, तेथे ती नसते. आवाज इतका की कानांवर आच्छादन घातल्यावाचून थांबता येत नाही. माणसे बहुधा हातांच्या खुणांनीच बोलतात.

पुसणाऱ्याचे काम

इंजिनखोलीतील सर्वांत खालच्या पदास 'वायपर' म्हणतात. शब्दशः अर्थ पुसणारा. त्यावर ऑइलर किंवा मोटरमन, आणि हत्यारांचे काम जाणणारा फिटर. त्यांच्यावर अधिकारी : फोर्थ, थर्ड, सेकंड आणि चीफ इंजिनिअर.

वायपरचे काम नावाप्रमाणेच. सांडलेले तेल पुसणे, जमिनीच्या पत्र्यांखाली साचणारे तेलकट पाणी व गाळ काढणे, गाळण्या धुणे, गंज खरवडून रंग देणे, जड सुटे भाग वाहून नेणे, फिटरच्या हाताशी उभे राहणे. हे ऐकून आपल्यापैकी अनेकांना वाटेल, की याचसाठी का एवढ्या दूर जावयाचे? मलाही तसेच वाटले होते. मोटरमनने मला त्याचे उत्तर दिले. तो म्हणाला, की मळलेल्या यंत्रावर नवी गळती दिसत नाही. पुसलेल्या यंत्रावर एक थेंब जरी आला तरी तो कोठून आला हे कळते. तापलेल्या नळीवर तेलाची बारीक फवार पडली तर आग लागते, आणि भर समुद्रात अग्निशामक दलाचा बंब येत नाही. म्हणून पुसणारा हा जहाजाचा पहिला पहारेकरी होय. पुसता पुसताच त्यास कोणती नळी कोठे जाते, कोणता पंप कोणत्या आवाजात चालतो, कोणत्या ठिकाणी हात लावताच चटका बसतो, हे सर्व पाठ होते. माझ्या मते ती एक शाळाच आहे. फक्त तिच्यात फळा नाही.

पाळीची पद्धत अशी की चार तास काम व आठ तास सुटी, असे दिवसातून दोनदा. आता पुष्कळ जहाजांवर रात्री इंजिनखोलीत कोणी नसते. बिघाड झाल्यास घंटा वाजून पाळीच्या इंजिनिअरास उठविते, आणि अशा जहाजांवर वायपर दिवसाच काम करतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळालीच पाहिजे.

दोन धोके विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला बंद टाकीचा. लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू खाते. त्यामुळे बरेच दिवस बंद असलेल्या टाकीत उतरणारा माणूस गुदमरून मरू शकतो, आणि त्यास वाचवावयास धावणारा दुसराही. आपल्याकडे ज्वारीचे पेव उघडल्यावर जुनी माणसे आधी कंदील सोडून पाहत आणि मगच माणूस उतरवीत. ते शहाणपण आणि हे एकच. जहाजावर कंदिलाऐवजी वायूमापक यंत्र असते व प्राणवायू सुमारे २१ टक्के असल्याची खात्री करून लेखी परवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर उतरू नये, मग सांगणारा कोणीही असो.

दुसरा धोका कायद्याचा. साचलेले तेलकट पाणी समुद्रात सोडावयाचे तर त्यात तेलाचे प्रमाण दशलक्ष भागांत पंधरा भागांहून अधिक असता कामा नये, आणि प्रत्येक वेळी त्याची नोंद ठेवावी लागते. काही जहाजांवर शुद्धीकरण यंत्रास वळसा घालून चोरनळी जोडली गेल्याची प्रकरणे उघडकीस आली व अमेरिकेसारख्या देशात जहाजावरील माणसांना तुरुंगवास घडला. नळी जोडावयास हात बहुधा खालच्या माणसाचेच लावले जातात. म्हणून नियम त्यासही माहीत पाहिजेत.

प्रवेशाची खरी वाट

आता मुख्य विषय. खालच्या पायरीवरून इंजिनखोलीत जाण्याचा आपल्या देशातील नेहमीचा मार्ग म्हणजे 'जी. पी. रेटिंग' हा सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम. त्यात डेक व इंजिन या दोन्ही विभागांचे प्राथमिक शिक्षण देतात. पात्रता दहावीची : गणित व विज्ञान हे विषय, एकूण किमान ४० टक्के गुण आणि इंग्रजीतही दहावीस वा बारावीस ४० टक्के. वय साधारणतः साडेसतरा ते पंचवीस. आय. टी. आय. झालेल्यांनाही ही वाट मोकळी आहे. येथे आपली बी. ए. पदवी मोजली जात नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अधिकारी होण्याचा मार्ग तर निराळाच आहे. त्यास बारावीस भौतिक, रसायन व गणित घेऊन सागरी अभियांत्रिकीची पदवी, किंवा यंत्र अभियांत्रिकीची पदवी अथवा पदविका लागते. कला शाखेच्या विद्यार्थ्यास तो दरवाजा बंद आहे.

पायऱ्यांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. सर्वप्रथम नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी. दृष्टी व रंग ओळखण्याची शक्ती यांत दोष निघाल्यास पुढचा सारा खर्च वाया जातो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी तपासणी, नंतर नव्हे. दुसरे, ज्या संस्थेत प्रवेश घ्यावयाचा तिचे नाव महासंचालनालयाच्या मान्य यादीत स्वतः पाहावे. हे महासंचालनालय १९४९ साली स्थापन झाले असून त्याचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. तिसरे, पारपत्र आणि 'इंडॉस' हा नोंदणी क्रमांक. चौथे, अभ्यासक्रम व त्याच्या शेवटी होणारी अखिल भारतीय परीक्षा. आग विझविणे, पाण्यात जीव वाचविणे, प्रथमोपचार इत्यादी मूलभूत प्रशिक्षणेही झालेली असावी लागतात. पाचवे, 'सी. डी. सी.' हे खलाशाचे सेवापुस्तक, ज्यास जुने खलाशी 'नळी' म्हणत. त्यात प्रत्येक जहाजावरील सेवेची नोंद होते. या शिक्षणाचे व प्रमाणपत्रांचे नियम १९७८ च्या 'एस. टी. सी. डब्ल्यू.' या आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेले आहेत.

यानंतर पहिले जहाज. शिकाऊ म्हणून ठरलेली समुद्रसेवा पूर्ण केली, की पाळीवर काम करण्याचे प्रमाणपत्र मिळविता येते, आणि पुढे आणखी सेवा व परीक्षा यांनी वरची पायरी गाठता येते. मात्र एक कटू सत्य असे, की अभ्यासक्रम पूर्ण झाला म्हणजे जहाज मिळालेच असे नाही. परीक्षा उत्तीर्ण होऊनही पहिल्या जहाजाची वाट पाहत बसलेले तरुण पुष्कळ आहेत. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच संस्थेस विचारावे, की मागील तुकडीतील किती मुलांस जहाज मिळाले आणि कोणत्या कंपनीचे. ज्या संस्थेस याचे सरळ उत्तर देता येत नाही तिच्यापासून दूर राहिलेले बरे.

कागदावर काय नव्हते?

सोबत्याच्या घरच्या त्या कागदाकडे आता पुन्हा वळतो. खलाशांची भरती करणाऱ्या संस्थेस महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्यास 'आर. पी. एस. एल.' म्हणतात. त्याचा क्रमांक त्या कागदावर नव्हता. जहाजाचे नाव नव्हते, मालकाचे नव्हते, नोकरीच्या कराराचा नमुनाही नव्हता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यात नोकरीबद्दल पैसे मागितले होते. २००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला आहे. त्याप्रमाणे नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून मोबदला घेता येत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, सेवापुस्तक व पारपत्र यांचा खर्च तेवढा त्याने करावयाचा. म्हणजे त्या कागदावरील पैशाची ओळ हीच तो खोटा असल्याची खूण होती. ती ओळ मी मोठ्याने वाचून दाखविली होती.

आता फरक कोठे पडतो, या प्रश्नाचे उत्तर देता येईल. रत्नागिरी-रायगडकडील किंवा गोव्यातील मुलाच्या घरात कोणी मामा, कोणी आते-भाऊ, कोणी शेजारी जहाजावर गेलेला असतो. कागद खरा की खोटा, हे त्यास ओसरीवर बसल्या बसल्या कळते. आपल्याकडे तो मामा नाही. कोकणच्या मुलास जी माहिती नात्यात फुकट मिळते, ती आपल्या मुलास दलालाकडून विकत घ्यावी लागते, आणि तीही खोटी. धैर्यात किंवा कष्टात आपण कमी नाही; ऊसतोडीस आणि बांधकामावर जाणारी आपल्या जिल्ह्यातील माणसे कष्टाला कधी मागे सरली आहेत?

जावे की न जावे?

हा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा. लाभ आहेत : राहणे-जेवणे जहाजावर असल्याने पगार शिल्लक पडतो, कौशल्य हाती येते. तोटेही आहेत. करार अनेक महिन्यांचा असतो. घरी लग्न असो वा मयत, मधून येता येत नाही. बहुतेक खालच्या पदांवर करार संपला की पगारही थांबतो आणि पुढच्या करारापर्यंत शिलकीवर राहावे लागते. ज्यास एकांत सोसत नाही, त्याने पगाराच्या आकड्याकडे पाहून जाऊ नये. आणि ज्यास जावयाचे आहे त्याने बैल विकून जाऊ नये.

शेवटी आपल्या कला शाखेविषयी दोन शब्द. आपली पदवी इंजिनखोलीत उपयोगी पडत नाही, हे वर सांगितलेच. पण खेड्यापाड्यातून कागद घेऊन लोक येतात ते आपल्याकडेच. परवाना, करार, हप्ता, हमी असे किती कागद! ते वाचून दाखविणे एवढेच आपले काम नाही. त्यात काय असावयास हवे हे आधी माहीत करून घेणे व मगच मत देणे, हे आपले काम आहे. गुरुजनांस माझी नम्र विनंती आहे, की महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मान्यताप्राप्त सागरी शिक्षणसंस्थांची व परवानाधारक भरती-संस्थांची यादी दरवर्षी नवी करून ठेवावी. खर्च दोन-चार कागदांचा आहे.

माझ्या सोबत्याने अद्याप आशा सोडलेली नाही. त्याचे वय बसते, दहावीचे गुणही बसतात. या वेळी तो पहिल्यांदा डोळे तपासून घेणार आहे, आणि त्याच्याकडे येणारा प्रत्येक कागद आम्ही दोघे मिळून वाचणार आहोत.